क्लिकवाला क्लीनर पेन: पोर्टसाठी उत्तम, तेलकट डागापुढे हात टेकतो

ऑप्टिकल फायबरच्या लिंकवर लॉस (प्रकाशाची घट) वाढला की सगळे आधी स्प्लाइसवर, म्हणजे फायबरच्या कायमच्या जोडावर, संशय घेतात. माझा हात मात्र आधी कनेक्टरकडे आणि तो पुसणाऱ्या या पेनकडे जातो. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणही प्रकाश अडवायला पुरतो. तो कण तसाच ठेवून कनेक्टर जोडला, तर दोन फेरूलांमध्ये (फायबरचं टोक धरणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये) भरडला जातो आणि काचेला खड्डा पाडतो. मग कितीही पुसा, तो खड्डा जात नाही.

या पेनची खरी किंमत कळते ती पॅनेलच्या पोर्टवर. पॅच कॉर्डचं (जोडणीच्या छोट्या केबलचं) टोक बाहेर असतं, ते तंतू न सोडणाऱ्या साध्या वाइपनेही पुसता येतं. पण अडॅप्टरच्या, म्हणजे दोन कनेक्टर समोरासमोर धरणाऱ्या पोर्टच्या आत, पलीकडून बसलेल्या फेरूलपर्यंत बोट कसं पोचणार? पुढची टोपी काढायची, टोक सरळ आत घालायचं, दाबायचं. आतली बारीक पट्टी गोल फिरत पुढे सरकते, टक् असा आवाज येतो, झालं. दर वेळी कोरी पट्टी पुढे येते, त्यामुळे मागचा मळ पुढच्या पोर्टला लागत नाही. एससी-एफसी प्रकारच्या कनेक्टरसाठी 2.5 मिमीचा पेन आणि छोट्या एलसीसाठी 1.25 मिमीचा, एकावर भागत नाही, दोन्ही घ्यावे लागतात.

बोटाचा तेलकट ठसा मात्र हा कोरडा पेन नुसता पसरवतो. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी हलका ओलावा आणि लगेच कोरडं पुसणं हवं. हिरव्या एपीसी कनेक्टरचं टोक 8 अंश तिरपं असतं, त्यावर मला बहुधा दुसरी क्लिक द्यावी लागते. आणि स्कोपमधून (टोक मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून) पाहिल्याशिवाय ‘साफ झालं’ म्हणायचं नाही, आधीही बघायचं आणि नंतरही. (स्कोप कॅमेऱ्याचाच बरा. चालू फायबरमधला इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, पण डोळा खराब करू शकतो.)

डस्ट कॅपवर (कनेक्टरच्या टोकावरच्या झाकणावर) भिस्त ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कॅप टोकाला ओरखड्यांपासून वाचवते, पण खिशात फिरलेली कॅप स्वतःच धूळ घेऊन येते. नव्या, पाकीटबंद कॉर्डलाही मी आधी पेन लावतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण पट्टी किती उरली ते माझ्या पेनवर बाहेरून कळत नाही आणि टोपीची प्लास्टिकची दोरी फारच नाजूक आहे.