लग्नघरात कोणता बघाल: ‘फादर ऑफ द ब्राइड’ की ‘द केटर्ड अफेअर’?

दोन्ही चित्रपट एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचे, दोन्ही कृष्णधवल, दोन्ही दीड तासाचे. छोटेखानी लग्न करू म्हणता म्हणता खर्च हाताबाहेर जातो, हेही दोन्हींत तेच. अमेरिकेतही तेव्हा तो वधूपित्याच्याच माथी असे. तरी दोन्ही बघून उठताना मन अगदी वेगळं असतं.

१९५०चा ‘फादर ऑफ द ब्राइड’ व्हिन्सेंटी मिनेलीचा. स्पेन्सर ट्रेसी सुखवस्तू वकील, एलिझाबेथ टेलर त्याची लेक. लग्न उरकल्यावरच्या पसाऱ्यात ट्रेसी खुर्चीत बसलाय, बूट काढून पाय चोळतोय आणि थेट आपल्याशी बोलू लागतो, इथून सुरुवात. साखरपुड्याच्या पार्टीत त्याला चार शब्द बोलायचे असतात, पण पाहुण्यांची पेयं बनवता बनवता बिचारा स्वयंपाकघरातच अडकतो. कुरकुर पैशांची चाललेली असते. सलत असतं ते लेकीचं जाणं. ट्रेसी हे नुसत्या बघण्यातून कळवतो. १९९१चा स्टीव्ह मार्टिनचा रिमेक गोड आहे, पण आधी हा बघा.

१९५६चा ‘द केटर्ड अफेअर’ रिचर्ड ब्रुक्सचा, पॅडी चायेफ्स्कीच्या टीव्ही नाटकावरचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातलं टॅक्सीवाल्याचं घर. टॉम (अर्नेस्ट बोर्गनाइन) वर्षानुवर्षं पै पै साठवून आता कुठे स्वतःच्या टॅक्सीपाशी पोचलाय. मुलगी जेन (डेबी रेनॉल्ड्स) साध्या लग्नावर खूश आहे. पण व्याही जेवायला येतात, आपल्या मुलींना काय काय दिलं ते सांगतात, आणि आई अ‍ॅगीच्या (बेट डेव्हिस) मनाला ते लागतं. घरातच राहणारा मामा, फक्त जवळच्यांनाच बोलवायचं म्हटल्यावर रुसून बसतो. आणि जेनच्या जिवलग मैत्रिणीचा नवरा बेकार; लग्नात करवली म्हणून जेनच्या शेजारी उभं राहायचं तर नवा पोशाख आणायचा कुठून? हा प्रसंग मला सगळ्या चित्रपटात जास्त बोचला.

तो थोडा संथ आहे, नाटकासारखा चार भिंतींत फिरतो, आणि डेव्हिसचा ब्रॉन्क्सचा हेल ओढूनताणून आणलेला वाटतो.

तरीही तारीख ठरलीय, पण हॉल आणि जेवणावळीचं अजून पक्कं व्हायचंय, असं घर असेल तर मी ‘केटर्ड अफेअर’च सांगेन, आणि तोही याद्या करायच्या आधी, आईवडील आणि मुलगी तिघांनी मिळून. सगळी बुकिंग झाली असतील, तर ट्रेसीचा लावा. तो आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतो.