खोकं खरं, एसएमपीएस खोटा

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. हॉलमध्ये बाबा झोपतात आणि माझं कामाचं टेबलही तिथेच. जुन्या कॉम्प्युटरची घरघर त्यांना रात्री अकरानंतर सोसायची नाही. "ते विमान उतरव आता," असं पांघरुणातूनच सांगायचे. म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात ठरवलं, आता बांधायचा तो लहान आणि मुका.

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, १७ बाय १७ सेंटिमीटरचा असतो. तो घेतला की बाकी सगळं त्याच्या मापानं घ्यावं लागतं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, कारण ग्राफिक्स त्याच्या आतच, वेगळं कार्ड नको. त्याच्यासोबत येणारा कूलर ५४ मिलिमीटर उंच, तो माझ्या कॅबिनेटमध्ये मावत नव्हता; म्हणून नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिलिमीटरचा घेतला. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स या लहान मापाचा, ४५० वॅट, वीज कमी वाया घालवतो म्हणून '८० प्लस गोल्ड' शिक्का असलेला. हलकं काम चालू असेल तर त्याचा पंखा फिरतच नाही. शांततेचा माझा सगळा बेत याच्यावरच उभा होता, आणि साडेनऊ हजार रुपयेही त्याच्यासाठीच बाजूला काढले होते.

अडचण अशी की या मापाचे भाग सहज मिळत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पाच दुकानांनी "मागवावं लागेल" म्हणून वाटेला लावलं. सहावा म्हणाला, "सगळं आहे, आज घेऊन जा." पाच नकार ऐकून आलेलं गिऱ्हाईक फार चौकशा करत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी, नाहीतर सगळं मिळून ५२ हजार. मी कच्च्यावर तयार झालो. पैसे यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता भलत्याच कुणाच्या तरी खात्यात गेले. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

सगळी खोकी माझ्यासमोर काउंटरवर मांडली होती, सीलबंद. मी एकेक हातात घेऊन पाहिलं. मग दुकानदार म्हणाला, "मुलगा वर माळ्यावर बसवतो, साहेब. दीड तास लागेल. तुम्ही जेवून या." आणि मी खरोखर जेवायला गेलो.

परत आलो तर मशीन चालू. मी अगदीच अडाणी नव्हतो हो! सीपीयू-झेड टाकून प्रोसेसर पाहिला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या पाहिल्या. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची डिस्क, किती तास चालली आहे तेही पाहिलं, कोरी होती. दुकानदार शेजारी उभा राहून कौतुकानं बघत होता. आता कळतं की तो निवांत का होता. कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि किती वॅटचा बसवलाय, हे असं सॉफ्टवेअर सहसा सांगत नाही. प्रोसेसर विचारला की नाव सांगतो. एसएमपीएस नुसता वीज देतो आणि गप्प बसतो.

मोठ्या कॅबिनेटमध्ये निदान मागून त्याचं तोंड दिसतं. माझ्या कॅबिनेटमध्ये तो पुढच्या बाजूला, आत उभा बसतो आणि मागच्या सॉकेटपासून त्याच्यापर्यंत आतून वायर जाते. बाहेरून ना त्याचं बटण दिसत, ना लेबल. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याहून लहान पेटी, आत बोट शिरायला जागा नाही. मी जे हौसेनं निवडलं होतं तेच दुकानदाराच्या पथ्यावर पडलं.

एक खूण मात्र समोरच होती. मी निवडलेला एसएमपीएस मॉड्युलर. म्हणजे लागतील तेवढ्याच केबल लावायच्या, उरलेल्या पिशवीत मिळतात. मी पिशवी मागितली. "सगळ्या लागल्या," तो म्हणाला. एक एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डही नसलेल्या मशीनला सगळ्या केबल कशा लागतील? हा प्रश्न मला पडला दादरला गाडी बदलताना, पेटी मांडीवर घेऊन बसल्यावर. तिथेही मी स्वतःची समजूत घातली.

त्या रात्री हॉलमध्ये घरघर नव्हती, पण शिट्टी होती. कानाशी डास घोंगावावा तशी बारीक. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "पंखा नवीन आहे, आठ दिवसांत बसेल." आठाचे वीस झाले. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, कूलरच्या पंख्याचा वेग कमी करून झाला. शेवटी त्या पंख्याची पिन काढून अर्धा मिनिट मशीन चालू ठेवलं. शिट्टी तशीच. जो पंखा फिरायलाच नको होता, तोच वाजत होता.

रविवारी कॅबिनेट पूर्ण सोडवलं. आत निघाला एक करडा डबा. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, '४५० वॅट' छापलेलं, केबल आतूनच बाहेर आलेल्या आणि त्यांची जुडी झिपटायनं कोपऱ्यात कोंबलेली. खोक्यावरचा सीरियल नंबर यावर कुठेच नव्हता.

आमच्या इमारतीखाली टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडे नेला. (स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.) काकांनी उघडून बोर्डावरच्या रिकाम्या जागा दाखवल्या. जिथे फिल्टरची कॉइल हवी तिथे नुसता तारेचा तुकडा टाकलेला. "हा दोनशे वॅटपण नीट देणार नाही," ते म्हणाले. माझा प्रोसेसर ६५ वॅटचा, त्यामुळे काम कधी अडलं नाही. आवाज नसता तर एखाद्या दिवशी तो जळेपर्यंत मला पत्ता लागला नसता.

दुकानात गेलो तर ओळख आहे, पण आठवण नाही. "खोक्यात जे आलं ते बसवलं. बिल आहे का?" माझ्याकडे वहीतून फाडलेला कागद होता, त्यावर 'एसएमपीएस – १' एवढंच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. यूपीआयची नोंद आणि मॉडेल नंबरसकट आलेलं व्हॉट्सॅपवरचं कोटेशन मी जपून ठेवलं होतं, तक्रारीला तेच कामी आलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही मी दुकानदाराला ऐकवलं. महिन्याभराच्या खेपांनंतर त्यानं चार हजार परत केले आणि हात जोडले. मीही दमलो होतो, पुढे गेलो नाही.

नवीन एसएमपीएस दुसरीकडून घेतला. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतला, तो खोक्यावरच्या आणि डब्यावरच्या नंबराशी काउंटरवरच जुळवला आणि घरी येऊन स्वतः बसवला. स्क्रू चार आहेत. आता बाबा विचारतात, "चालू आहे का रे ते?"

पहिलं खोकं फेकलं नव्हतं. परवा सहज त्याच्यावरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीसाठी टाकून पाहिला. उत्तर आलं, या नंबराची नोंदणी आधीच झालेली आहे.