दोमिएच्या नावाखाली 1240 युरोला गंडवलं

लिहायला लाज वाटतेय, पण पॅरिसात राहणाऱ्या आपल्यापैकी अजून कोणी जुन्या बाजारातल्या या म्हाताऱ्या विक्रेत्याच्या जाळ्यात सापडायला नको. दोमिए हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच व्यंगचित्रकार. त्याच्या लिथोग्राफचा, म्हणजे दगडावर खडूने काढून छापलेल्या चित्रांचा, नाद मला पाच वर्षं आहे, म्हणजे मी काही अगदीच नवखा नाही. 1835 मध्ये राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसला आणि दोमिए वकील, घरमालक, भाडेकरू असली शहरातली माणसं काढायला लागला, ती 'ल शारिवारी' या पेपरात छापून यायची. पेपरातल्या पानाच्या मागे मजकूर असतो, मागून कोरा, पांढऱ्या कागदावरचा छाप महाग. हे मला माहीत होतं आणि नेमका तिथेच मार खाल्ला.

रविवारच्या जुन्या बाजारात म्हाताऱ्याने आधी 65 युरोला एक दिलं, पेपरातलं, अस्सल. नेहमीचाच डाव. मग घरी बोलावून रोबेर माकेर मालिकेतले चार कोरे छाप, 310 प्रमाणे 1240, बँक ट्रान्सफर. माकेर म्हणजे खोट्या कंपन्या काढून शेअर विकणारा भामटा, आणि म्हातारा मला त्याचेच किस्से हसत हसत सांगत होता!

चारही कागदांच्या उजव्या कोपऱ्यात खाली चहाच्या रंगाचा डाग, सेम आकार, डावीकडे शेपूट निघालेली. मला दिसला होता हो! मनात म्हटलं एकत्र ठेवले असतील, ओल झिरपली असेल. त्याने थाप मारायच्या आधी मीच त्याच्या वतीने मारली. झिरपलेला डाग खालच्या कागदांवर फिका होत जाईल ना? घरी भिंग लावलं तर डागातसुद्धा छपाईचे ओळीने ठिपके. डाग छापलेला!! खऱ्या लिथोत असे ओळीने ठिपके नसतात, खडूचा रवाळ, वेडावाकडा दाणा दिसतो. भिंग तेव्हाही खिशातच होतं, पण त्याच्या बायकोने कॉफी आणली, तिच्यासमोर काढणं बरं दिसेना. भिंग काढा, कॉफी गार होऊ दे.

पोलिसांकडे तीन तास बसलो. "चित्रं मिळाली ना? मग चोरी कुठे?" अहो चोरी म्हणतंय कोण, फसवणूक! तर म्हणे बँकेचं पत्र आणा. बँक म्हणे ट्रान्सफर तुम्हीच केलीत, तरी पोलिसांची तक्रार आणा बघू. दोन वेळा सुट्टी टाकून हेच, शेवटी कोर्टात जा म्हणाले. 1240 साठी वकील लावू? ट्रान्सफर करूच नका. पावतीवर 'मूळ लिथोग्राफ' आणि देल्तेयने केलेल्या दोमिएच्या छापांच्या यादीतला नंबर लिहून मागा, का कू केली की उठा.

गेल्या रविवारी तो तिथेच बसला होता, टेबलावर माकेर, कोपऱ्यात तोच शेपटीवाला डाग. भाव 340 केलाय.