टर्बो गाडीचा फ्युएल रेग्युलेटर: साधा बरा, ॲडजस्टेबल बरा, की काहीच नको?

वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत ड्रिपच्या फिल्टरजवळ उभे राहा, फ्युएल रेग्युलेटर पाच मिनिटांत कळतो. मोटर आपल्या ताकदीने पाणी फेकते. दाबाच्या घड्याळात पाहिजे तेवढे किलो दाब येईल, इतका बायपासचा कॉक उघडा ठेवायचा. जादा पाणी परत विहिरीत. कॉक आवळला की नळ्यांतला दाब वाढतो, पण मोटरीची ताकद वाढत नाही. गाडीतही तेच. पंप पेट्रोल ढकलतो, इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या, म्हणजे रेलच्या, टोकाला रेग्युलेटर बसतो आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत जातं.

"भाऊ, गाडी ओढून नाही रायली, थोडा प्रेशर वाढवून द्या ना" म्हणत येणाऱ्यांना मी आधी बॉनेट उघडायला लावतो. कारण बहुतेकांना हा पार्ट लागूच होत नाही. बोलेरो, पिकअप आणि इतर डिझेल टर्बो गाड्यांत कॉमन रेलचा दाब हजार बारच्या (एक बार म्हणजे साधारण एक किलो) वर जातो आणि तो कंप्युटर सांभाळतो. पोलो टीएसआय, फ्रॉन्क्स बूस्टरजेट यांच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि त्याचा हाय प्रेशर पंप इंजिनवरच असतो. तिथे हा रेग्युलेटर म्हणजे बैलगाडीला सायलेन्सर. हल्लीच्या बऱ्याच मल्टीपॉइंट (प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर) टर्बो गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच पंपासोबत असतो आणि रिटर्नचा पाइप नसतो. तिथे नवी लाइन ओढून हा बसवता येतो, पण त्यासाठी जेवढी तोडफोड करावी लागते, तेवढी ती गाडी मागत नाही.

मग उरतात जुन्या रिटर्न लाइनच्या गाड्या: 1.8 टर्बो ऑक्टाव्हिया आरएस, किंवा कुणी हौसेने टर्बो बसवलेली एमपीएफआय (म्हणजे मल्टीपॉइंटच) जिप्सी-एस्टीम. रेलच्या टोकाला लोखंडी डबी, तिला एक बारीक व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या हवेच्या मॅनिफोल्डचा दाब रेग्युलेटरला कळवणारा) आणि खालून टाकीकडे जाणारी नळी दिसली, तर पुढचं तुमच्यासाठी.

पर्याय तीन. पहिला, कंपनीसारखाच फिक्स रेग्युलेटर, 3 बारचा नाहीतर 4 बारचा. दुसरा, ॲडजस्टेबल वन-टू-वन: बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, एक बार वाढला की रेलचा दाबही एकच बार वाढतो. तिसरा, रायझिंग रेट: बूस्ट अर्धा बार वाढला तर दाब दोन बारही वाढू शकतो.

तिसरा आधी बाजूला काढतो. कंप्युटरला हात न लावता टर्बो बसवणाऱ्यांची ती जुनी युक्ती आहे. चार पट वाढवणारा रायझिंग रेट घ्या: 3 बार बेस (बूस्ट नसतानाचा दाब), अर्धा बार बूस्ट, रेलमध्ये 5 बार. एवढ्या दाबावर पंप आधीच दमलेला असतो आणि त्याचा पुरवठा कमी होतो. बरेच जुने इंजेक्टर नीट उघडतही नाहीत. एवढं करून पेट्रोल वाढतं साधारण 22 टक्के. कारण इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. दाब दुप्पट केला तर 41 टक्केच. आज कंप्युटर ट्यून करून मिळतो, इंजेक्टर मोठे मिळतात. ही युक्ती मी कुणाला सांगत नाही.

खरी निवड फिक्स आणि ॲडजस्टेबल वन-टू-वन यांच्यात. फिक्समध्ये कुणी पाना घेऊन पिळायला जागाच नाही, आणि आपल्याकडे हा मोठाच गुण. गावातल्या गॅरेजमध्ये दुपारी गाडी ठेवली, संध्याकाळी आणली, मधल्या वेळात कुणी काय आवळलं हे देवालाच ठाऊक. 3 चा काढून 4 चा टाकला की इंजेक्टर 15 टक्के जास्त देतात, बस्स. ट्यूनरला तो आकडा सांगून मोकळं व्हायचं. ॲडजस्टेबल तेव्हाच घ्या, जेव्हा इंजेक्टर बदलले आहेत, कंप्युटर ट्यून होणार आहे आणि ट्यूनरला बेस प्रेशर नेमकं जुळवायचं आहे. नुसता ॲडजस्टेबल टाकून स्क्रू आवळणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला गोंधळ. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून कंप्युटर पेट्रोल परत कापतो, म्हणून मालकाला फरक वाटत नाही. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरकडे बघत नाही, आणि चूक झाली तर तिथेच पिस्टन जातो.

ब्रँडबद्दल. टर्बोस्मार्टचा एफपीआर800 किंवा एअरोमोटिव्हचा ए1000 घ्या, नाहीतर फिक्सवर राहा. ऑनलाइन त्यांच्या किमतीच्या एका तुकड्यात गेजसकट ‘युनिव्हर्सल’ मिळतो. तसा एक मी घेतला होता. तिसऱ्या महिन्यात गाडी आयडलवर काळा धूर टाकू लागली, डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास. प्लग बदलले, फिल्टर बदलला. शेवटी रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप उपटला तर बोटावर पेट्रोलचा थेंब आला. आतला डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, फाटला होता आणि इंजिन त्या बारीक पाइपातून पेट्रोल पीत होतं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई20 पेट्रोल मिळतं. म्हणून विकणाऱ्याला एकच विचारा: डायफ्रॅम आणि ओ-रिंग इथेनॉलला चालणारे आहेत का? उत्तर गोलमाल आलं तर ठेवून या.

मे महिन्यात आणखी एक फसवणूक होते. ग्लिसरीन भरलेलं गेज तापलं की आतला द्रव फुगतो आणि काटा खरा दाब असतो त्यापेक्षा कमी दाखवतो. बाहेर 45 अंश, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. माणूस काटा बघतो आणि आवळत जातो. कोरडं गेज घ्या, किंवा सेटिंग सकाळी करा.

सेटिंग अशी. इंजिन गरम करा, पंखा एकदा लागू द्या. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढा आणि त्या पाइपच्या तोंडात बोल्ट घालून बंद करा, नाहीतर इंजिन हवा ओढेल. आयडलवर लॉकनट सैल करून ॲलन चावीने हळूहळू फिरवा: आवळलं की दाब वाढतो. 3 बार ठरलाय तर 3 वर थांबा, लॉकनट लावा, पुन्हा बघा, कारण नट आवळताना काटा हलतो. पाइप जोडला की दाब 2.4 च्या आसपास उतरला पाहिजे. न उतरला तर पाइप फुटकाय किंवा भलत्याच ठिकाणी जोडलाय.

बूस्टची परीक्षा मी सायकलच्या पंपाने करतो. इंजिन बंद, फक्त फ्युएल पंप चालू, रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोंडाला टी जोड लावून एका बाजूला हवेचं गेज. अर्धा बार हवा भरली की पेट्रोलचा दाबही बरोबर अर्धा बार वाढायला हवा. मग रस्ता. समृद्धीवर 120 ने सरळ चाललात तर टर्बोला फारसं काम पडत नाही, खरं कळतं चिखलदऱ्याच्या घाटात, गाडी भरलेली असताना. गेज बाहेर वायपरखाली टेपने चिकटवा; पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. एक बार बूस्टला 4 बार दिसलं पाहिजे. चढात वर जाता जाता काटा 3.5 कडे सरकला तर रेग्युलेटर आवळू नका: फिल्टर, पंप आणि पंपापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज तपासा. वाइडबँडवर (धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लॅम्डा बघा (1 म्हणजे प्रमाण बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त), हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा 14.7 चा आकडा ई20 ला लागू नाही. फुल बूस्टला 0.8 च्या आसपास असावा.

घरी आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं काटा बघत बसा. भराभर पडला तर कुठेतरी गळतंय, आणि आधी गळती शोधायची. उन्हाळ्यात टाकी पाव भरलेली ठेवून फिरू नका. रिटर्नने आलेलं गरम पेट्रोल थोड्याशा पेट्रोलला तापवतं, मग पंपात वाफ धरते आणि लोक पुन्हा रेग्युलेटरलाच दोष देतात.