जुनी कार्बोरेटरवाली बाईक घ्यावी की एफआयवाली? इंदुरात राहून ठरवायचं असेल तर

सेकंडहँड गाडी बघायला निघालं की हल्ली दोन प्रकार समोर येतात, एक 2015-16ची कार्बोरेटरवाली, कमी चाललेली, पॉलिश मारून ठेवलेली, आणि थोडे पैसे ताणले की 2020 नंतरची एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. घरातले काका म्हणतात जुनी घे, तिच्यात बिघडण्यासारखं आहेच काय, आणि ऑफिसातली पोरं म्हणतात डब्बा कशाला घेतोस भिया. दोघांचंही अर्धंच ऐका.

एक तर इंजिन म्हणजे पिस्टन, सिलिंडर, क्लच, गिअर यात तसा जमीनअस्मानाचा फरक नाहीये. स्प्लेंडर 1994 साली आली तेव्हाही 97.2 सीसी होती आणि आजही तेवढीच आहे. बदललं ते पेट्रोल आत सोडायचं काम. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि कार्बोरेटर जवळपास गायबच झाला. कार्बोरेटरमध्ये इंजिन हवा ओढतं आणि तिच्यासोबत जेटमधून पेट्रोल येतं, जेटचं भोक ठरलेलं, बाहेर थंडी असो की मे महिना. एफआयमध्ये टाकीतला पंप प्रेशरने पेट्रोल पुढे ढकलतो आणि इसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, तापमान, थ्रॉटल, सायलेन्सरमधला ऑक्सिजन वगैरे बघून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो.

म्हणून डिसेंबरात सकाळी सातला ड्युटी असेल तर एफआय बटण दाबलं की चालू, चोक ओढून मग तो बंद करायचं विसरायची भानगडच नाही, राजवाड्याच्या गर्दीत हळूहळू सरकताना झटकेही कमी. घाटाचं म्हणाल तर इंदूरच साडेपाचशे मीटरवर आहे, जानापाव किंवा सिमरोलच्या घाटात कार्बोरेटर काही कुरकुरत नाही, तो फरक लडाखला पाच हजार मीटरवर जाल तेव्हा कळेल, तिथे हवा विरळ आणि जेट मात्र तेवढंच पेट्रोल देत राहतं. आणि खरं सांगू, इथून लडाखला जाणारे किती, जाईन म्हणणारेच जास्त.

पेट्रोलचा मुद्दा मात्र मोठा आहे आणि काकांना तो सांगूनही पटत नाही. पंपावर आता ई20 मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिक्स्चर लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, गाडी गरम होते, जुने रबर सील फुगतात किंवा कडक होतात, वर ते पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनाभर उभी राहिलेली गाडी चालू करायची म्हणजे आधी कार्बोरेटर उघडून साफ करा. एफआय ऑक्सिजन सेन्सर बघून थोडंफार सांभाळून घेते. अ‍ॅव्हरेज दोघींचाही थोडा घसरतो, कारण इथेनॉलमध्ये ताकदच कमी.

आता जुनीची बाजू. महूच्या पुढे एखाद्या गावात गाडी मिसिंग करायला लागली तर तिथला मिस्त्री प्लग काढेल, जेटमध्ये फुंकर मारेल, स्क्रू अर्धा आटा फिरवेल, आणि चहा संपेपर्यंत काम झालेलं असेल. बॅटरी पार बसली तरी सीडीआयवाली, म्हणजे साध्या इलेक्ट्रॉनिक स्पार्कवाली, जुनी गाडी बहुतेक वेळा किकवर उठते. एफआयमध्ये पंपाला करंट लागतो, बॅटरी पूर्ण मेली की किक मारून पाय दुखवण्यात अर्थ नाही. सेन्सर गेला म्हणून गाडी लगेच बंद पडतेच असं नाही, तापमानाचा गेला तर इसीयू अंदाजे आकडा धरून घरापर्यंत आणते, पण इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर गेला की स्पार्कच नाही, टोइंग बोलवा. आणि टाकी कायम तळाशी ठेवायची सवय असेल तर एफआय घेऊच नका, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो आणि तो जळाला की खर्च हजारांत जातो, कार्बोरेटर साफ करायला शंभर-दोनशे.

माझं मत विचाराल तर रोजची विजय नगर, पिथमपूर अशी ये-जा असेल तर एफआय, डोळे झाकून. शेतावर, गावाकडे, किंवा आठवड्यातून एकदा बाहेर काढायची हौस असेल तर कार्बोरेटर, पण मग बंद करून ठेवताना फ्लोट बाऊल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करायचा कंटाळा नको. शिवाय रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं कधी संपतायत ते आरसीवर बघा, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी फिटनेस आणि रिन्यूअल आहेच. घ्यायच्या आधी घराजवळच्या मिस्त्रीला एवढंच विचारा की एफआयचा बिघाड वाचणारा स्कॅनर आहे का, नसेल तर एफआयसाठी प्रत्येक वेळी सर्व्हिस सेंटरची लाइन लागणार.

एफआय बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच जा. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा बारीक घूं आवाज यायला हवा आणि मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा, इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. चालूच राहिला तर स्कॅन केल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून ठेवलाय, तिथून सरळ निघा.