ॲसिटोन, अर्धा लिटर: नखांना फर्मास, स्कूटरला नको

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका केमिकलच्या दुकानातून मी गेली नऊ वर्षं ॲसिटोन घेते. अर्धा लिटरची बाटली या वेळी 180 रुपयांना पडली. माझं विश्रामबागला पार्लर आहे आणि जेल पॉलिश काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. कापूस भिजवून नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची, दहा-बारा मिनिटांत पापुद्रा सुटतो. वास उग्र, बोटं कोरडी पडतात, पण काम चोख. एवढ्यावर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. पण यंदा यातलं बरंचसं माझ्या स्कूटरच्या टाकीत गेलं, म्हणून हे जरा लांबणार.

उद्योग धाकट्या भाऊजींचा. माझी स्कूटर 2016ची, कार्बोरेटरची. पूर्वी लिटरला 47 द्यायची, आता 45 वर आली. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून ॲव्हरेज उतरलं ही तक्रार आमच्या गल्लीत घरोघरी आहे, आणि ती अगदीच हवेतली नाही. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच जुन्या दुचाकींना 3 ते 4 टक्क्यांचा फटका धरलाय. आमच्या घरात मात्र यावर बोलायची सोय नाही. अडीच एकर ऊस आहे ना, आणि इथेनॉल उसापासूनही होतं!

तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, लिटरला तीन मिली ॲसिटोन टाकायचं. पेट्रोलची वाफ चांगली होतीय, सगळं जळतंय. तुमच्याकडं तर बाटलीच हाय की." त्याआधी त्यांनी बांगड्यांच्या दुकानातून गुलाबी नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणली होती. ती मी हातातून काढून घेतली. त्यात पाणी, सुगंध, तेल असं काय काय असतं, आणि कितीतरी रिमूव्हरमध्ये तर ॲसिटोन नसतंच.

करायचंच तर मोजून करू, म्हटलं. विश्रामबाग ते मिरज, येऊन-जाऊन रोजचे 15 किलोमीटर, रस्ता तोच, पंप तोच, दर वेळी टाकी गळ्यापर्यंत. हेअर कलरचं डेव्हलपर मोजायची बिनसुईची सिरिंज माझ्याकडं होतीच. चार लिटर भरलं की 12 मिली. अडीच महिने वही ठेवली. साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या: 45.1, 44.3, 45.4. ॲसिटोनच्या तीन: 44.8, 45.6, 44.5. सरासरीत फरक निघाला लिटरमागे जेमतेम 33 मीटर. तेवढी गाडी तर मी पार्किंगमधून काढताना ढकलते.

बरं, 12 मिली फुकट येत नाही, सव्वाचार रुपये होतात. चार लिटर पेट्रोलला चारशेच्या वर जातात. म्हणजे ॲव्हरेज एक टक्का वाढलं तर कुठं घातलेला पैसा निघणार, फायदा त्याच्या पुढं. लेक विलिंग्डनला बीएस्सी करते. ती म्हणाली, "आई, धड चालत्या इंजिनात गेलेलं पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच. उरतच नाही, तर हे जास्तीचं जाळणार काय?" वर हेही सांगितलं, की किलोभर पेट्रोल जळून साधारण 43 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, ॲसिटोनमधून 29च्या आसपास. म्हणजे चांगल्या दुधात पाणी ओतल्यासारखंच. वाफ लवकर होते हे मात्र खरं, 56 अंशांना उकळतं ते. पण गरम इंजिनात पेट्रोलची वाफ व्हायची अडचण होती कुणाला?

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. भाऊजींना वाटलं डोस कमी पडतोय. नरसोबाच्या वाडीला जाताना मला न विचारता त्यांनी अंदाजपंचे पेलाभर ओतलं. थोडं झाकणाशेजारी सांडलं आणि फडक्यानं पुसलं. फडक्याबरोबर रंगही आला. आता तिथं रुपयाएवढा पांढरा चट्टा आहे, कडेनं सुरकुत्या पडलेला, नखावर अर्धवट सुटलेल्या पॉलिशसारखा.

आठवडाभरात कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागला. पार्लरच्या दारात पेट्रोलचा वास, आणि आत माझा वॅक्स हीटर चालू! आधी तो बंद केला, मग गाडी ढकलत मिस्त्रींकडं नेली. त्यांनी बाऊल, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोल साठायची वाटी, उघडून दाखवला. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगलेलं, बाऊलची रिंग खाचेत बसेना. "रबर जुनंच हाय ताई, पण हे असलं फुगत न्हाई. काय घातलंय?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्याकडं थिनर घालून आलेली गिऱ्हाईकं असतात. एका डब्यात टोल्युइन जास्त, दुसऱ्यात आणखी काही, नेमकं काय घातलं ते मालकालाही ठाऊक नसतं. रॉकेलवाले वेगळेच. त्याचा ऑक्टेन कमी, इंजिन ठोकायला लागतं, धूर होतो तो निराळा.

मी तशीच एक नवी रिंग जास्तीची आणली आणि पार्लरमध्ये काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून झाकण घट्ट लावलं. सकाळी चिमट्यानं काढून दुसऱ्या नव्या रिंगवर ठेवली, तर ही चांगली बोटभर मोठी. भिजलेल्या शेवईसारखी मऊ, नखानं दाबली तर खूण राहिली. पेट्रोलला दाद न देणारं रबर ॲसिटोनला देईलच असं नाही, हे कळायला मला पंधरा रुपयांची रिंग पुरली. शुद्ध ॲसिटोन आणि टाकीतलं मिश्रण यांत फरक आहे, मान्य. माझ्या गाडीचं रबर त्यानंच फुगलं असं शपथेवर मी सांगणार नाही. पण पुन्हा घालणारही नाही.

दुकानदाराचा यात दोष नाही. त्यांनी बाटली देताना दर वेळी सांगितलंय, ज्योतीजवळ नको, उन्हात नको. माल शुद्ध, झाकण घट्ट, वजनमाप बरोबर. नखांसाठी खुशाल घ्या.

मिस्त्रींचं बिल 340 झालं. भाऊजींनी 200 दिले, बाकीचे उसाचं बिल आलं की देतो म्हणालेत.