नार्निया आणि हॅरी पॉटर : मतभेद नेमके कशावरून?

मालवण-वेंगुर्ल्याकडे मुलांच्या हाती या दोनपैकी कोणती पुस्तकमालिका द्यावी यावर पालकांचे एकमत होत नाही, आणि त्याची कारणे त्या पुस्तकांतच आहेत. सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात आली. त्यांतला अस्लान हा सिंह दुसऱ्याच्या अपराधासाठी मरण पत्करून पुन्हा जिवंत होतो, आणि हा ख्रिस्ती आशय कुणाला कथेचा गाभा वाटतो, तर कुणाला मुलांवर लादलेला उपदेश. शेवटच्या पुस्तकात आधीच्या पुस्तकांतली एक नायिका, आता लिपस्टिक आणि पार्ट्यांत रमलेली सुझन, नार्नियाबाहेरच राहते, हा मला तिच्यावरचा अन्याय वाटतो.

जे. के. रोलिंग यांच्या १९९७ ते २००७ मधील हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांवरचे आक्षेप निराळे आहेत : जादूटोण्याचे आकर्षण आणि गडद होत जाणारा सूर. पहिला आक्षेप आपल्याकडे टिकत नाही, कारण गावाची राखण करणाऱ्या देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला गोष्टीतली जादू गोष्टीतच ठेवता येते. दुसरा मात्र रास्त आहे; चौथ्या पुस्तकाच्या अखेरीस हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मारला जातो, म्हणून आठ वर्षांच्या मुलाला मी आधी नार्निया देईन आणि पॉटरची पुढची पुस्तके वयानुसार.